जुन्या मोटारीचें निदान

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे सुज्ञ मनुष्य आधीं वैद्याला बोलावतो व मग औषध आणतो. औषधांच्या दुकानांत जाऊन फडताळावरील एकेक बाटली रोग्याला पाजून पाहावी आणि जिनें गुण येईल ती खरी मानावी, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु दारांत उभी असलेली मोटार आजारी पडली म्हणजे हाच सुज्ञ मनुष्य नेमका असाच वागतो. प्लग बदलले, गुण नाहीं. कॉइल बदलली, गुण नाहीं. नवी बॅटरी आणली, चार दिवस बरें वाटलें आणि पांचव्या दिवशीं पहिलें दुखणें पुन्हां उभें राहिलें! स्वस्तांत घेतलेल्या जुन्या गाडीवर जो खर्च होतो, त्यांतील पुष्कळसा दुरुस्तीचा नसतो. तो चुकीच्या निदानाचा असतो. हा दंड कसा टाळावा, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

हा विचार अधांतरीं राहूं नये म्हणून एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवलेली बरी. आणि भारतांतील मध्यम वर्गाच्या कुटुंबांना मारुती ८०० हिच्याहून अधिक परिचयाची गाडी सांपडणें कठीण. १४ डिसेंबर १९८३ रोजीं तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें या जातीच्या पहिल्या गाडीच्या किल्ल्या तिच्या मालकाला देण्यांत आल्या, आणि जानेवारी २०१४ मध्यें हिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत एकट्या भारतांत २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें, पाण्यानें थंड राहणारें लहानसें इंजिन, आणि त्याची शक्ति पुढच्या चाकांना, अशी हिची सुटसुटीत रचना. सन २००० च्या सुमारापर्यंत या गाडींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बोरेटर करीत असे; पुढील गाड्यांत तें काम विजेच्या नियंत्रणाखालीं पिचकाऱ्यांनीं होऊं लागलें. अगदीं शेवटच्या गाडीलाहि आतां दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरी अजून कित्येक घरांतून ही गाडी आहे, आणि कांहीं हजार रुपयांत ती दुसऱ्या हातानें मिळूं शकते. गाडीची किंमत अशी अल्प असली म्हणजे चुकीचीं दोन निदानेंहि त्या किमतीच्या घरांत जाऊन पोंचतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे लक्षण नेमक्या शब्दांत सांगणें. 'गाडी नीट चालत नाहीं' हें लक्षण नव्हे. ती नुसती तक्रार होय. गाडी गार असतांना त्रास देते कीं तापल्यावर? सपाट रस्त्यावर कीं चढावर? नेहमीं कीं पावसाच्या दिवशींच? दोष एकाएकीं उत्पन्न झाला कीं हळूहळू वाढत गेला? आणि शेवटचें काम केव्हां व कशावर झालें? या पांच प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून काढलीं, तर अर्धा रोग तेथेंच कळून येतो. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काल गॅरेजांतून परत आलेली गाडी आज बिघडली, तर काल जेथें हात लागला होता तेथेंच आज पहिल्यानें पाहावें.

दुसरी पायरी अशी कीं, जी कसोटी फुकट किंवा अल्प खर्चाची आहे ती आधीं लावावी व महागडा भाग सर्वांत शेवटीं उघडावा. तिसरी पायरी अशी कीं, एका वेळीं एकच बदल करावा. प्लग, तारा व कार्बोरेटर या तिन्हींना एकाच दुपारीं हात घातला आणि गाडी सुधारली, तर कोणत्या उपायानें सुधारली हें कोणालाच कळत नाहीं. आणि बिघडली, तर मग विचारावयासच नको.

आतां प्रत्यक्ष दोषांकडे वळावें. सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे सकाळीं गाडी सुरू न होणें. किल्ली फिरवल्यावर तीन प्रकार संभवतात. ज्याला सर्वजण नुसतें 'सेल्फ' म्हणतात तो स्टार्टर मुळींच फिरत नाहीं, फार तर 'टक्' असा आवाज होतो, हा पहिला प्रकार. सेल्फ रडत रडत फिरतो, हा दुसरा. सेल्फ झपाट्यानें फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाहीं, हा तिसरा. पहिल्या दोहोंत संशय विजेच्या पुरवठ्याचा घ्यावा; तिसऱ्यांत ठिणगीचा किंवा पेट्रोलचा.

विजेची कसोटी अगदीं सोपी आहे. पुढचे दिवे लावावे व किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिच्या जोडण्या खराब झाल्या आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मात्र गप्प बसला, तर एक वीज सेल्फपर्यंत पोंचत नाहीं, किंवा सेल्फमध्येंच दोष आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरे-हिरवे क्षार जमलेले दिसले, तर जोडण्या सोडवून कोमट पाण्यांत खायचा सोडा घालून तीं टोकें धुवावीं, कोरडीं करावीं व घट्ट आवळावीं. सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें. म्हणजे हातांतील पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडण्याचें भय राहत नाहीं.

याच्या पुढची कसोटी मल्टिमीटरची. हें उपकरण कांहीं शें रुपयांत मिळतें, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांत तें तापमापकाप्रमाणें असलेंच पाहिजे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आंकडा दिसतो, तो १२.२ च्या खालीं असेल, तर बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी समजावी. इंजिन चालू असतांना हाच आंकडा साधारणतः १३.८ ते १४.४ यांच्या दरम्यान पाहिजे. तो बारावरच रेंगाळत राहिला, तर उणेपणा बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या आल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. अशा वेळीं नवी बॅटरी आणणें म्हणजे आटलेल्या विहिरीवर नवी घागर नेणें होय.

अशी कल्पना करावी कीं, एका गृहस्थानें आपल्या वृद्ध आईला आठवड्यांतून दोनदां रुग्णालयांत नेतां यावें म्हणून बावीस वर्षांची एक गाडी घेतली. ती सकाळीं सुरू होईना. "साहेब, बॅटरी गेली," असें गॅरेजवाल्यानें सांगितलें. नवी बॅटरी आली. आठवड्यानें पुन्हां तोच प्रकार. "साहेब, आतां सेल्फ गेला." सेल्फहि बदलला. पंधरा दिवसांनीं, नेमक्या रुग्णालयाच्या दिवशीं, गाडी पुन्हां दारांत उभी, आणि आई पायरीवर बसलेली! वस्तुतः दोष होता तो बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थच्या पट्टीचा. ती टोकाशीं गंजून अर्धी तुटली होती. हा दोष शोधण्यास मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून कोणाकडून तरी सेल्फ मारवावा लागतो, इतकेंच. आंकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर पट्टी दोषी. 'बॅटरी गेली' या वाक्यावर त्या गृहस्थानें 'कशावरून?' एवढा एकच शब्द उच्चारला असता, तर दोन मोठे खर्च वांचले असते आणि आईची वेळहि चुकली नसती.

सेल्फ जोरानें फिरूनहि इंजिन पेट घेत नसेल, तर ठिणगी व पेट्रोल हीं दोन अंगें वेगवेगळीं तपासावीं. ठिणगीसाठीं एक प्लग काढून तो त्याच्या टोपींत बसवावा, प्लगचा धातूचा भाग रबरी मुठीच्या पकडीनें इंजिनाच्या धातूला टेकवावा व दुसऱ्या मनुष्यानें सेल्फ मारावा. निळी, कडकडीत ठिणगी उडाली तर ठीक. पिवळट व मरतुकडी उडाली, तर तारा, डिस्ट्रिब्यूटरची टोपी व कॉइल यांच्याकडे पाहावें. ही कसोटी कार्बोरेटरच्या गाड्यांपुरतीच समजावी, आणि पेट्रोलचा वास येत असेल तेव्हां तर ती करूंच नये. पावसाळ्यांतच बंद पडणाऱ्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी आंतून पुसून कोरडी करावी व तिला बारीक चीर गेली आहे काय तें उजेडांत पाहावें. पुष्कळदां रोग तेथेंच सांपडतो. पेट्रोलसाठीं इंजिन बंद ठेवून हवेच्या गाळणीचें झांकण काढावें व कार्बोरेटरच्या तोंडांत पाहत रेसची तार हातानें ओढावी. आंत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल तेथवर पोंचत आहे. न उडाली, तर टाकी, पेट्रोलची गाळणी व पंप या क्रमानें मागें जावें.

नंतरच्या, पिचकारीच्या गाड्यांत किल्ली पहिल्या घरापर्यंत फिरवल्यावर पेट्रोलच्या पंपाचा दोनएक सेकंद घुमल्यासारखा आवाज आला पाहिजे. न आल्यास प्रथम फ्यूज व रिले पाहावे. या गाड्यांच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर गॅरेजवाला यंत्र लावून दोषाचा क्रमांक वाचतो. येथेंहि सावध राहावें. यंत्रानें एखाद्या सेन्सरचें नांव दाखविलें म्हणजे तो सेन्सरच निकामी झाला असें सिद्ध होत नाहीं. त्याची तार उंदरानें कुरतडली किंवा जोड सैल झाला, तरीहि यंत्र तेंच नांव दाखवितें. यंत्र गल्ली दाखवितें. घर आपणच शोधावें लागतें.

दुसरा नेहमींचा दोष म्हणजे गाडी 'मिसिंग' करणें. चार सिलिंडरांच्या गाडींत एक सिलिंडर मेला तर चौथाई शक्ति जाते. या गाडींत तिसरा हिस्सा जातो, म्हणून ती उभ्याउभ्याच थरथरूं लागते व चढावर दम टाकते. कोणता सिलिंडर मेला हें ओळखण्यास कार्बोरेटरच्या गाडींत इंजिन मंद चालूं द्यावें व हातांत कोरडे रबरी मोजे घालून, चांगल्या मुठीच्या पकडीनें प्लगची एकेक तार क्षणभर काढून पुन्हां बसवावी. जी तार काढल्यावर इंजिन अधिक अडखळतें, तिचा सिलिंडर जिवंत. जी काढल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तिचा मेलेला.

आतां नवा प्लग आणण्याची घाई करूं नये. मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा व शेजारचा येथें लावावा. दोष प्लगाबरोबर शेजारीं गेला, तर प्लग वाईट. दोष जागचा हलला नाहीं, तर तारांची अशीच अदलाबदल करावी. मात्र डिस्ट्रिब्यूटरवरील त्यांचा क्रम बिघडूं देऊं नये. तरीहि दोष जागींच राहिला, तर त्या सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. दाब कमी भरल्यास प्लगच्या भोंकांतून चमचाभर इंजिन ऑईल आंत सोडून पुन्हां मोजावा. आतां तो चढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न चढला, तर संशय झडपांचा, आणि कधीं कधीं ती टॅपेट नीट लावण्यापुरतीच गोष्ट असते. एक पैहि खर्च न करतां अदलाबदलीनें दोष पकडणें, ही निदानशास्त्रांतील सर्वांत सुंदर युक्ति होय.

प्लगचें तोंड पाहणें म्हणजे वैद्यानें जीभ पाहण्यासारखेंच आहे. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक व हवा कमी. चोक अडकला आहे काय व हवेची गाळणी तुंबली आहे काय तें पाहावें. ओलसर, तेलकट काळेपणा असेल, तर ऑईल वर चढत आहे. पांढरें, फोड आल्यासारखें तोंड असेल, तर इंजिन फाजील तापत आहे किंवा मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे. मागच्या नळीचा धूरहि हीच भाषा बोलतो: काळा धूर पेट्रोलचा, निळसर धूर ऑईलचा, आणि इंजिन तापल्यावरहि न थांबणारा दाट पांढरा धूर पाण्याचा.

पाण्यावरून तिसऱ्या दोषाकडे येतां येतें, तो म्हणजे इंजिन तापणें. येथें एक नियम जिवाचा आहे: तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें व झांकण सैल होतांच तें उकळत अंगावर येतें. गाडी पूर्ण निवल्यावर पातळी पाहावी. पाणी वारंवार कमी होत असेल, तर नळ्या, पाण्याचा पंप व रेडिएटर यांवर ओघळाच्या खुणा शोधाव्या. पाणी भरलेलें असूनहि गर्दींतच गाडी तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्याचा. हा पंखा विजेचा असतो. त्याला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहावी. फिरला, तर पंखा चांगला असून दोष त्याच्या स्विचांत, फ्यूजमध्यें किंवा तारांत आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगांतहि ती तापत असेल, तर रेडिएटर आंतून तुंबला असावा किंवा थर्मोस्टॅट मिटलेला राहिला असावा.

या थर्मोस्टॅटविषयीं एक गैरसमज आपल्याकडे फार रूढ आहे. 'आपला मुलुख उष्ण. येथें त्याची गरज काय?' असें म्हणून कित्येक गॅरेजांतून तो काढून फेंकला जातो. परिणाम असा होतो कीं, इंजिन योग्य उष्णतेला पोंचण्यास फार वेळ लागतो व तोंवर पेट्रोल अधिक जळतें. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्यानें बांधून पातेल्यांतील पाण्यांत टांगावा व पाणी तापवावें. ८० अंश सेल्सिअसच्या पुढें केव्हां तरी तो उघडला व पाणी निवल्यावर मिटला, तर तो निर्दोष आहे. मात्र रेडिएटरमध्यें सारखे बुडबुडे येत असतील, किंवा ऑईल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा व गाडी चालविणें तत्काळ थांबवावें. अशा स्थितींत काढलेले आणखी दहा किलोमीटर सबंध इंजिनाच्या मुळावर येतात.

कांहीं दोष कानांनींच ओळखावे लागतात. स्टिअरिंग पुरतें वळवून गाडी हळू चालवितांना पुढून 'टक् टक्' आवाज आला, तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट झिजला आहे. बहुधा त्यावरील रबरी टोपी फाटून आंत धूळ गेलेली असते, आणि ती टोपी वेळींच बदलली असती तर जॉइंट वांचला असता. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. पावसाळी सकाळीं सुरू होतांना येणारी किंकाळी बहुधा सैल पट्ट्याची. इंजिनाच्या बाजूच्या झांकणाआड एक दांतेरी रबरी पट्टा असतो. तो मात्र तुटण्यापूर्वीं आवाज देईलच असें नाहीं, आणि तुटतांच इंजिन भर रस्त्यांत बंद पडतें. पूर्वीच्या मालकानें तो केव्हां बदलला याचा कागद नसेल, तर निदानाची वाट न पाहतां तो बदलून घ्यावा.

ब्रेकविषयीं वेगळें सांगावयास हवें, कारण येथें पैशाचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे. पेडल स्पंजासारखें मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. पाय ठेवून धरला असतां तें सावकाश खालीं जात असेल, तर मास्टर सिलिंडर गळतो आहे किंवा तेल कोठें तरी पाझरत आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक कमी लागतो आहे किंवा दुसऱ्याचा अडकून बसला आहे. अडकलेला ब्रेक पेट्रोलहि खातो. म्हणून 'गाडी ॲव्हरेज देत नाहीं' या तक्रारीवर कार्बोरेटर उघडण्यापूर्वीं टायरांची हवा पाहावी व चार चाकें जॅकवर उचलून हातानें फिरवून पाहावीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें. यांतील निदान मालकानें जरूर करावें, परंतु दुरुस्ती जाणत्या हातांकडेच सोंपवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कोणींहि शिरूं नये. भक्कम स्टँड लावूनच शिरावें.

राहतां राहिला गंज. इंजिन दुरुस्त होतें, गिअर बदलतां येतात. परंतु सांगाडाच सडला म्हणजे पुढचा सर्व खर्च वाळूंत ओतलेलें पाणी होय. गाडी घेण्यापूर्वीं, विशेषतः ती मुंबईंत किंवा कोंकणच्या किनाऱ्यावर वाढलेली असेल तर, पायांखालच्या चटया उचलाव्या, जॅक लावण्याच्या जागा व चाकांवरील कमानी पाहाव्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें ठोकाव्या. टणक नाद आला तर बरें. भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर ती गाडी कितीहि स्वस्त असली तरी महागच समजावी. गाडीला १५ वर्षें पूर्ण झालीं असतील, तर नोंदणीचें नूतनीकरण झालेलें आहे काय व तें कोणत्या तारखेपर्यंत, हेंहि कागदांत पाहून घ्यावें. कोणत्या गाडीवर खर्च करूं नये हें ओळखणें, हाहि निदानाचाच एक भाग आहे.

यावरून असें समजूं नये कीं, गॅरेजवाले सर्व लबाड आणि मालकानें हातांत पाना घेऊन त्यांच्याशीं वैर धरावें. पुष्कळ गॅरेजवाले भाग बदलतात ते लबाडीनें नव्हे, तर गिऱ्हाईकाला घाई असते म्हणून. 'काय करायचें तें करा, पण संध्याकाळपर्यंत गाडी द्या,' असें म्हणणारा मालक स्वतःच निदानाचा वेळ काढून घेतो. त्याऐवजीं त्यानें लक्षणें लिहिलेला कागद द्यावा, शोधण्याचे पैसे वेगळे द्यावयाची तयारी दाखवावी आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगल्या कारागिराला असा मालक आवडतो. वाईटाला तो परवडत नाहीं.

शाळेंत भूमितीच्या तासाला मुलांना एक शिस्त लावतात: विधान केलें म्हणजे त्याचें कारण शेजारीं लिहिलेंच पाहिजे. उत्तर बरोबर आलें, पण कारण दिलें नाहीं, तर पुरे गुण मिळत नाहींत. जुन्या गाडीच्या बाबतींत हीच शिस्त घरांत पाळावी. 'कार्बोरेटर गेला', 'सेल्फ गेला', 'इंजिन उतरवावें लागेल', हीं सर्व विधानें आहेत. यांतील प्रत्येकाच्या शेजारीं, पैसे मोजण्यापूर्वीं, 'कशावरून?' या प्रश्नाचें उत्तर लिहिलेलें असावें. तें उत्तर ज्या घरांत मागितलें जातें, तेथें वीस वर्षांची गाडीहि इमानानें चाकरी करते. आणि जेथें तें मागितलें जात नाहीं, तेथें नवी गाडीहि फार दिवस नवी राहत नाहीं.